साडेअकराचे ध्वजारोहण रद्द करा: मनोरंजन उद्यानांच्या व्यवस्थापनांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील मनोरंजन उद्याने व वॉटर पार्क यांची व्यवस्थापने

महोदय,

२०२६ चा १५ ऑगस्ट शनिवारी आला आहे. लागून रविवार, ऐन पावसाळा, शाळांना सुट्टी. तुमच्यासाठी हा तगड्या गर्दीचा दिवस, आणि तशा जाहिरातीही सुटल्या आहेत. 'तिरंगी पोशाखात या, तिकिटात सवलत मिळवा.' त्याबरोबर कार्यक्रमपत्रिका: साडेदहाला गेट उघडणार, साडेअकराला वेव्ह पूलसमोरच्या (कृत्रिम लाटांच्या तलावासमोरच्या) मंचावर पाहुण्यांच्या हस्ते ध्वजारोहण व राष्ट्रगीत, लगेच डीजे आणि तिरंगी रेन डान्स. पूर्वी बऱ्याच उद्यानांत झेंडा सकाळी, गेट उघडण्याआधी चढायचा. आता तो गर्दीच्या वेळेवर आणून ठेवला आहे, म्हणजे व्हिडिओत माणसे भरपूर दिसतील. त्या साडेअकराच्या ओळीसाठी हे पत्र.

आम्ही याच उद्यानांत राइड चालवणारे, पाण्यावर नजर ठेवणारे, पंप-फिल्टर आणि साउंड सांभाळणारे लोक आहोत. आमच्यातले काही शाळा-कॉलेजांत एनसीसीची पथके तयार करतात. झेंडा चढतो तेव्हा दोरी आमच्या हातात असते, आणि पाण्यात कोणी बुडू लागले तर उडीही आम्हालाच मारायची असते. गाठ सुटली नाही तर व्हिडिओत आमचे चेहरे येतात, पाहुण्यांचे नाही.

उद्यानात स्वातंत्र्यदिन साजरा करू नका, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेल्या भारतीय ध्वजसंहितेने खाजगी संस्थांनाही वर्षभर कोणत्याही दिवशी झेंडा लावायची मुभा दिली. सन्मानाने झेंडा फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले. तेव्हा लावा, जरूर लावा. फक्त नीट लावा, आणि माणसे पाण्यात असताना लावू नका.

पाण्याचेच आधी बोलू. राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात. बुडणारा माणूस हात हलवून 'वाचवा' म्हणत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या रेषेशी वरखाली होत राहते, आवाज फुटत नाही, आणि अशा अवस्थेत तो पाण्यावर साधारण २० ते ६० सेकंदच टिकतो. म्हणून लाइफगार्डला शिकवलेले असते की १० सेकंदांत आपल्या टापूवरून नजर फिरवून पूर्ण करायची आणि काही दिसले तर पुढच्या २० सेकंदांत तिथे पोहोचायचे. आता तुमची साडेअकराची वेळ डोळ्यांसमोर आणा. पूलमध्ये छातीभर पाण्यात माणसे. मंचावरून 'सावधान'. लाइफगार्ड उंच खुर्चीवरून उतरून झेंड्याकडे तोंड करून उभा. मोठी माणसे पाण्यात ताठ उभी राहतात. ज्या मुलाचे पाय तळाला लागत नाहीत ते कसे उभे राहणार? त्याला धरून असलेला हातही नेमका त्याच वेळी अंगाशी सरळ गेलेला असतो. ५२ सेकंद पाण्याकडे कोणाचेच लक्ष नसते. लाइफगार्डने झेंड्याकडे बघायचे की पाण्याकडे, हा पेच त्याच्यापुढे टाकण्याचा तुम्हाला अधिकार नाही. माणसे पाण्यात असतील तोवर त्याची पाठ पाण्याकडे होता कामा नये, मग मंचावर काहीही चालू असो.

'लाटा बंद करतो की,' हे उत्तर आम्ही ऐकले आहे. लाटा उठवणारा ब्लोअर बंद केला तरी पाणी शांत व्हायला काही मिनिटे जातात, आणि पाणी शांत झाले की उथळ भागातली मुले खोल भागाकडे सरकू लागतात, कारण आता ते सोपे दिसते. पूल रिकामा करणे हे वेगळे काम आहे. शिटी, घोषणा, मग लाइफगार्डांची रांग खोल बाजूकडून उथळ बाजूकडे माणसे काढत येते, शेवटी तळ नजरेखालून घालायचा. गर्दीच्या दिवशी याला पंधरा मिनिटे धरा. त्यानंतर हीच सगळी गर्दी ओल्या, निसरड्या काठावर झेंडा दिसावा म्हणून पुढे सरकणार. तुमच्या पत्रिकेत या पंधरा मिनिटांना जागाच नाही. ध्वजारोहणाच्या आधीच्या रकान्यात 'अँकर गर्दी गोळा करेल' एवढेच असते.

कोरड्या राइडचीही तीच गत. राष्ट्रगीत सुरू व्हायच्या वेळी वॉकीटॉकीवरून 'सगळ्या राइड थांबवा' असा आदेश येतो. राइड अशी थांबत नाही. रोलर कोस्टरची गाडी चढावाच्या साखळीवर असताना आणीबाणीचे बटण दाबले तर माणसे तिथेच लटकून राहतात, आणि पुन्हा सुरू करण्याआधी तंत्रज्ञाने तपासून रीसेट करावे लागते. आणीबाणीचे बटण आणीबाणीसाठीच. थांबवायचेच असेल तर दहा मिनिटे आधी शेवटची गाडी सोडायची, ती परत आली की माणसे उतरवायची आणि फाटक लावायचे. आकाशपाळण्याला याहून जास्त वेळ लागतो, कारण तो एकेक पाळणा खाली आणून रिकामा करावा लागतो. वीस पाळणे असतील आणि एकेकाला अर्धा ते एक मिनिट लागत असेल, तर दहा ते वीस मिनिटांचा हिशेब झाला. तरीही कोणी बार लावलेल्या आसनात अडकलेला असेल तर त्याने बसूनच राहावे. राष्ट्रगीतात मुद्दाम अडथळा आणणे हा राष्ट्रीय प्रतीकांचा अपमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्याने गुन्हा आहे; सुरक्षेच्या बारमध्ये गुपचूप बसलेला माणूस त्यात येत नाही. त्याला उभे करण्यासाठी बार उघडायला ऑपरेटरला सांगणारा सुपरवायझर मात्र खरोखर धोकादायक.

आता दोरी. ध्वजारोहण फसते ते इथेच, आणि इथे तुमचा खर्च जवळजवळ शून्य आहे.

ऑगस्टमध्ये झेंडा पावसात चढणार हे गृहीत धरा. सुती दोरी भिजली की फुगते आणि कप्पीत अडकते. सुतळीची तर बातच नको. पॉलिस्टरची विणलेली ६ ते ८ मिलिमीटर जाडीची दोरी घ्या. कप्पी गंजलेली असेल तर वर्षभर कोणाला कळत नाही, १५ ऑगस्टलाच कळते. त्यामुळे आदल्या आठवड्यात ती उतरवून साफ करून तेल घाला. दोरी खाली बांधायची खुंटी पक्की आहे का, स्तंभाचे अर्थिंग शाबूत आहे का, हेही त्याच दिवशी बघून घ्या. मोकळ्या मैदानातला उंच लोखंडी खांब विजेच्या कडकडाटात गर्दी उभी करायची जागा नव्हे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे 'दामिनी' अॅप विजेचा इशारा देते. इशारा आला तर कार्यक्रम पुढे ढकला, पाहुणे थांबतील.

मग ती प्रसिद्ध गाठ. घडी घातलेला झेंडा वर बांधून ठेवायचा, पाहुण्यांनी दोरी ओढायची, पाकळ्या पडायच्या. कोरड्या दिवशी हे जमते. पावसात रात्रीपासून बांधून ठेवलेली घडी भिजून जड होते, गाठ आवळते, ओल्या पाकळ्यांचा लगदा कापडाला चिकटतो, आणि पाहुणे चुकीची दोरी ओढतात. मग जोरात हिसके, मग शिडी, मग कोणीतरी पोरगा खांबावर चढतो. आमचा सल्ला असा की उघडाच ध्वज खालून चढवा. गाठच नाही, म्हणून अडकायचे कारणही नाही. चढवताना झपझप, उतरवताना सावकाश, हे संहितेतच आहे. फोटोला पाकळ्या हव्यातच असतील तर संहितेची हरकत नाही. राष्ट्रीय दिनी झेंड्यात पाकळ्या ठेवायची तिने सूट दिलेली आहे. पण मग कोरड्या पाकळ्या, मूठभर, देठ काढून. घडी समारंभाच्या अर्धा तास आधी बांधायची, आणि दोरीचा एकच वेढा असा घालायचा की एका ओढीत सुटेल. आदल्या दिवशी दोनदा करून बघा, त्यातले एकदा झेंड्यावर पाणी ओतून.

झेंडा उलटा चढतो तो घाईत. बहुतेक खादी ध्वजांना केशरी बाजूला लाकडी गुल्ली असते, हिरव्या बाजूला दोरीचे मोकळे टोक, गुल्ली वर. बाजारातल्या स्वस्त झेंड्यांना गुल्ली नसते, दोन्ही टोके सारखीच दिसतात. अशा वेळी दोरीच्या वर जाणाऱ्या टोकाला रंगीत चिकटपट्टी लावा, आणि बांधणारा एक, तपासणारा दुसरा, असे ठेवा. झेंडा विकत घेताना चक्राचे आरे मोजा. २४ हवेत, चक्र गोल हवे, दोन्ही बाजूंनी दिसायला हवे. लांबी-उंचीचे प्रमाण ३:२. सहा मीटरच्या स्तंभाला १८०० × १२०० मिलिमीटरचा ध्वज शोभतो. त्यावर ९०० × ६०० चा लावला तर रुमाल वाळत घातल्यासारखा दिसतो. खादीचा प्रमाणित ध्वज आपल्याकडे नांदेडला बनतो, तो जरूर घ्या. पण मुसळधार पावसात खादी भिजून दांड्याला चिकटते. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी आहे. समारंभाला खादीचा आणि दिवसभर फडकत ठेवायला पॉलिस्टरचा, असे दोन ठेवणे आम्हाला व्यवहार्य वाटते. शंभर फुटी स्तंभ उभारण्याची हौस असलेल्यांनी मात्र दोनाने भागेल असे समजू नये. त्या उंचीवरच्या वाऱ्यात झेंड्याची मोकळी कड उसवते, आणि फाटका झेंडा फडकत ठेवणे हा सरळ संहितेचा भंग आहे. बदली ध्वज आणि तो बदलणारा माणूस परवडत नसेल तर सहा मीटरच पुरे.

संध्याकाळी गेट बंद झाले की झेंड्याची आठवण कोणालाच नसते. जुलै २०२२ पासून तो रात्रीही फडकत ठेवता येतो, त्यामुळे विसरलो तरी चालते असा समज झाला आहे. उतरवायचा असेल तर दोघांनी उतरवा, खाली टेकू देऊ नका, आणि ओला असेल तर घडी घालू नका. आधी छताखाली सावलीत वाळवायचा. ओल्याच घडीत केशरी-हिरवा रंग पांढऱ्या पट्ट्यावर उतरतो, बुरशी धरते, आणि २६ जानेवारीला कपाट उघडले की नवा झेंडा शोधत पळापळ. वाळल्यावर केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी आत अशी घडी की वर अशोकचक्र राहील. वापरातून गेलेला ध्वज कचऱ्याच्या गाडीत नाही जाणार. तो एकांतात, अखंड, शक्यतो जाळून नष्ट करायचा.

साउंडबद्दल थोडक्यात. राष्ट्रगीत इंटरनेटवरून लावू नका, आधी जाहिरात वाजते. मोबाइल ब्लूटूथने जोडलेला असेल तर मध्येच कोणाचा तरी फोन येतो. फाइल पेन ड्राइव्हवर, दोन प्रती. झोनझोनमधले स्पीकर मिक्सरवरून बंद, नाहीतर 'भारत भाग्यविधाता'च्या मागे हॉरर हाउसमधली किंकाळी ऐकू येते. त्याहून चांगले म्हणजे कर्मचाऱ्यांनी स्वतः म्हणावे. सूर थोडा हलला तरी चालेल.

जाहिरातीतल्या तिरंगी पोशाखाकडे वळू. तुमच्याच नियमांच्या पाटीवर लिहिले आहे की स्लाइडवर फक्त नायलॉन किंवा लायक्राचा कॉस्च्युम, ओढणी-साडी-सैल कपडे चालणार नाहीत. मग ओढणी-फेट्यावर सवलत कशी देता? गेटवर सवलत घेतलेली बाई स्लाइडच्या जिन्यावर आमच्याशी भांडते, आणि तिचे काहीच चुकलेले नसते. गो-कार्टवर तर सैल ओढणी मागच्या फिरत्या दांड्यात गुंडाळली जाते आणि गळ्याला फास बसतो. शिवाय ध्वजसंहितेप्रमाणे कमरेखालच्या वस्त्रात, उशीवर, रुमालावर झेंडा छापायचा नाही. तरी चक्र छापलेल्या फ्लोटिंग ट्यूब दिसतात, ज्यांवर लोक बसून घसरतात. झेंडा जमिनीला टेकू नये, पाण्यात लोळू नये, हे संहितेतले वाक्य जणू वॉटर पार्कसाठीच लिहिले असावे. चक्र आणि पट्टे ट्यूबवरून, पायऱ्यांवरून, पूलच्या तळावरून काढा. सुटे केशरी-पांढरे-हिरवे फुगे, तिरंगी ढोकळा यांबद्दल आमची तक्रार नाही. तिरंगी केक कापणे हा गुन्हा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये म्हटले आहे. देशप्रेमाचा ठेका घेऊन कोणाच्या ताटात डोकावायची आम्हाला हौस नाही.

पण फुगे साध्या हवेचेच. हायड्रोजनचा फुगा पेटतो, चकचकीत धातूचा फुगा विजेच्या तारेवर अडकला की शॉर्टसर्किट. चमकी उडवणाऱ्या तोफा राइडजवळ नकोत. एक चमकीचा कागद सेन्सरच्या डोळ्यावर बसला तरी राइड माणसांसकट थांबते. आणि रेन डान्सच्या पाण्यात केशरी-हिरवा रंग मिसळू नका, हे हात जोडून सांगतो. पाण्यात मोकळे क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ राखताना गर्दीच्या दिवशी आधीच नाकी नऊ येतात. रेन डान्समधून निथळणारी माणसे थेट पूलमध्ये जातात. रंगाने पाणी गढूळ झाले की तळ दिसत नाही, आणि तळ दिसत नसेल तर पूल बंद करायचा असतो. कागदी झेंडेही पाण्याच्या आवारात वाटू नका. ते भिजतात, पायांखाली येतात, पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या स्किमरच्या जाळीत लगदा होऊन बसतात, आणि दुसऱ्या दिवशी तो लगदा आम्ही हाताने काढतो. प्लास्टिकच्या झेंड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी पुरवठादार 'कागदीच आहे' म्हणून लॅमिनेट केलेले आणून देतो. एक फाडून बघा.

प्रायोजकांचेही एकदा बोलायला हवे. ध्वजस्तंभाला बांधलेला शीतपेयाचा फलक संहितेत बसत नाही. उद्यानाच्या बोधचिन्हाचा झेंडा राष्ट्रध्वजाच्या बरोबरीने किंवा त्याहून उंच लावणेही बसत नाही. हे तुमच्या मार्केटिंग विभागाला कोणीतरी लेखी कळवा, कारण आम्ही तोंडी सांगितलेले तिथपर्यंत पोहोचत नाही.

राहिला तो कर्मचारी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या पगारी सुट्ट्या आहेत. गर्दीचा दिवस असल्याने आम्ही कामावर येतोच, त्याला ना नाही. पण कायम नोकरांना एक हिशेब आणि कंत्राटी लाइफगार्ड, हाउसकीपिंगच्या बायका यांना दुसरा, हे चालणार नाही. त्यातल्या कित्येक जणी झेंडा चढताना मागच्या बाजूला भांडी घासत असतात.

आमच्या मागण्या अशा.

साडेअकराचा कार्यक्रम रद्द करून ध्वजारोहण सकाळी ८ वाजता, गेट उघडण्याआधी, पाणी आणि राइड बंद असताना घ्या. मुख्य शासकीय समारंभासाठी ८.३५ ते ९.३५ ही वेळ मोकळी ठेवायची असे राज्य सरकारचे परिपत्रक असते, त्यालाही ते धरून होईल. जागा वेव्ह पूलसमोरची नको, मुख्य प्रवेशद्वाराजवळची मोकळी फरशी हवी. लवकर येणाऱ्या कुटुंबांना तिथे विनातिकीट उभे राहू द्या.

दिवसा पुन्हा राष्ट्रगीत लावायचे नाही. लावायचेच ठरले तर पाणी पूर्ण रिकामे झाल्याचा लाइफगार्ड-प्रमुखाचा होकार आणि राइड रिकाम्या झाल्याचा तंत्रज्ञ-प्रमुखाचा होकार, दोन्ही वॉकीटॉकीवर आल्याशिवाय अँकरला माइक द्यायचा नाही.

पोशाखाची सवलत मागे घ्या, किंवा ती फक्त मनगटाच्या फितीपुरती ठेवा. रंगीत पाणी, चमकी, कागदी झेंडे पाण्याच्या आवारातून हद्दपार.

झेंडा, दोरी, कप्पी यांची जबाबदारी नाव घालून दोन कर्मचाऱ्यांवर सोपवा. त्यांना एनसीसी किंवा स्काउटच्या प्रशिक्षकाकडून एक दिवसाचे प्रशिक्षण द्या, आणि सरावासाठी आदल्या दिवशी दोन तास कामातून मोकळे करा.

१५ ऑगस्टला कामावर असलेल्या प्रत्येकाला, कंत्राटीसकट, दुप्पट मजुरी आणि बदली रजा द्या. ध्वजारोहणाची वीस मिनिटे सर्वांना हजर राहू द्या, भांडी थांबतील.

झेंडा कोणाच्या हस्ते हाही प्रश्न आहे. प्रायोजक किंवा मालिकेतल्या कलाकाराऐवजी उद्यानातल्या सर्वांत जुन्या देखभाल कर्मचाऱ्याच्या हस्ते तो चढवा, अशी आमची सूचना आहे. ही मागणी नव्हे, नाकारलीत तरी आम्ही दोरी धरू. बाकीच्या मागण्यांवर मात्र १० ऑगस्टपर्यंत लेखी उत्तर द्या आणि बदललेली कार्यक्रमपत्रिका गेटवर लावा. ती लागली नाही, तर साडेअकराला आमचे लाइफगार्ड मंचाकडे न बघता पाण्याकडेच बघत उभे राहतील, आणि त्याबद्दल कोणालाही कारणे दाखवा नोटीस देऊ नये, हे आत्ताच कळवून ठेवतो.

आपले,
उद्यानांतील राइड, पाणी, साउंड व देखभाल विभागांतले कर्मचारी आणि ध्वजप्रशिक्षक